कपाट आणायला गेलो होतो

मला आईने कपाट आणायला पाठवलं होतं. मी पुस्तकं घेऊन आलो आणि कपाट घालवून बसलो.

आमच्या घरात हे सगळं प्रकरण एवढ्यात संपत असे. पाहुणे आले की चहा उकळेपर्यंतच्या वेळात आई ते सांगून टाकायची, आणि चहा येईस्तोवर पाहुणे माझ्याकडे टकामका बघत बसायचे. त्या दोन वाक्यांत माझी बाजू कुठेच येत नाही, हे तेव्हाही मला खटकायचं. पण तेव्हा मधे तोंड घालायची सोय नव्हती. आता मधे बोलायला कोणी नाही, पाठ दुखते म्हणून फिरणं बंद आहे, आणि सूनबाईने टेबल खिडकीशी लावून दिलंय. तेव्हा एकदा नीट सांगतो.

बडोद्याला मांडवीजवळच्या एका पोळीत, म्हणजे दाट घरांच्या बोळवजा वस्तीत, वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून. खालच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब, त्यांचा झोपाळा दिवसभर कुरकुरायचा, आणि तो थांबला की आई म्हणायची, ‘‘खाली जेवायला बसले वाटतं.’’ पलीकडच्या गल्लीत भांडी ठोकणारे. सकाळी त्यांची ठोकाठोक सुरू झाली की आम्हाला घड्याळ लागत नसे. संध्याकाळी कुठून तरी शेव तळल्याचा वास यायचा आणि माझा अभ्यास संपायचा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे अभ्यास संपायला काही मोठं कारण लागत होतं असं नाही.

घरात पुस्तकं म्हणाल तर पंचांग आणि रेल्वेचं वेळापत्रक. वेळापत्रक बाबांच्या आवडीचं. गाडी पकडायची नसली तरी ते रात्रीच्या जेवणानंतर पाच-सात पानं वाचत आणि करजण स्टेशन आलं की मिटून ठेवत. माझं वाचन वेगळ्या प्रकारचं होतं. पोळीच्या तोंडाशी एक शिंगचणेवाला, म्हणजे दाणे-फुटाणेवाला, बसायचा. तो पस्तीतल्या, म्हणजे रद्दीतल्या, पुस्तकांची पानं फाडून पुड्या बांधायचा. मी शिंग खाऊन झाल्यावर पुडी उलगडायचो आणि वाचायचो. एका पुडीत नायिका विहिरीकडे धावत सुटलेली, पान संपलं. दुसऱ्या पुडीत कोणीतरी पिस्तूल रोखलेलं, कोणावर ते पुढच्या पानावर, आणि पुढचं पान भलत्याच गिऱ्हाइकाच्या खिशात. मराठी पान लागलं तर माझं नशीब, एरवी गुजराती तर गुजराती. अशा पद्धतीने मी वर्षानुवर्षं शेकडो गोष्टी वाचल्या, आणि एकीचाही शेवट मला ठाऊक नव्हता. शिंगदाणे मात्र बेसुमार खाल्ले.

आता कपाटाचं. दांडिया बाजारात भाऊसाहेब म्हणून एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचे वडील संस्थानच्या काळातले मोठे अधिकारी. भाऊसाहेब स्वतः निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या पत्नी माईकाकू आईच्या मैत्रीण, वयाने आईहून पुष्कळ मोठ्या. आई रोज दुपारी निवडायचे तांदूळ डब्यात घेऊन त्यांच्याकडे जायची आणि चहाच्या वेळेला परत यायची. दोघी तिथे काय करत ते मी कधी विचारलं नाही. बायका बोलतात तसं बोलत असतील, असं मी धरून चाललो होतो. माईकाकू आजारी पडल्या तेव्हा आई दुपारीच काय, सकाळीही जायला लागली. मऊ भात, मेतकूट, कधी ताकाची कढी. त्या आजारातच माईकाकूंनी तिला सांगितलं, ‘‘हे काचेच्या दारांचं कपाट माझ्यामागे तुझं.’’ मग त्या गेल्या. आईने त्या कपाटाबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण बाहेरच्या खोलीतला एक कोपरा मोकळा करून ठेवला. त्या कोपऱ्यात बाबांना छत्रीसुद्धा टेकवायची परवानगी नव्हती.

पुढे भाऊसाहेब मुलाकडे पुण्याला कायमचे जायला निघाले आणि त्यांचा निरोप आला, ‘‘कपाट घेऊन जा.’’ दिवस नवरात्रातला, अष्टमीचा. आईचे नऊ दिवसांचे उपास. तिने मला राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवून सांगितलं, ‘‘कनूची लारी ने. कपाट आडवं घालू नकोस, काच फुटेल. आणि तिथे भाऊसाहेबांपुढे फार बोलू नकोस.’’ शेवटचं वाक्य ती मला कुठेही पाठवताना म्हणायची, त्यामुळे मला ते ऐकू येणं बंद झालेलं होतं.

कनू हा आमच्या पोळीतला हातगाडीवाला. आम्ही दोघं सुरसागर तलावाच्या कडेने रमतगमत दांडिया बाजारात पोचलो. भाऊसाहेब बांधलेल्या ट्रंकांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, ‘‘आलास? ते बघ कपाट. आधी रिकामं करायला हवं.’’

मी कपाट बघितलं. खरं सांगायचं तर कपाट मी बघितलंच नाही. काचेमागे खालपासून वरपर्यंत पुस्तकं होती. सगळ्यांना एकसारखी खाकी कागदाची कव्हरं, कण्यावर नाव नाही, गाव नाही, एखाद्या शाळेची मुलं गणवेशात प्रार्थनेला उभी असावीत तशी. मी दार उघडून एक पुस्तक काढलं. त्याला पहिलं पान होतं. दुसरंही होतं. मी शेवटाकडे गेलो, तर तिथे शेवट होता. एकाच गोष्टीची सगळी पानं, ओळीने, एकाच ठिकाणी, तेलाचा डाग नसलेली. आजही कोणी नवं पुस्तक दिलं की मी आधी शेवटचं पान जागेवर आहे का ते चाचपतो. नातवंडांना वाटतं, आजोबा किंमत बघतात.

‘‘याचं काय करणार, भाऊसाहेब?’’

‘‘मगन येईल दुपारी, पस्तीवाला. त्याला बोलावलंय. मुलाच्या फ्लॅटमध्ये माझीच जागा होईल की नाही शंका आहे, ही कुठे नेऊ?’’ मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘‘का रे? वाचतोस का तू?’’

इथे ‘हो’ म्हणून थांबायचं होतं. पण समोर प्राध्यापक, मागे कनू, आणि हातात शेवट असलेलं पुस्तक. मी म्हणालो, ‘‘वाचतो म्हणजे काय, भाऊसाहेब! वाचल्याशिवाय मला झोप लागत नाही. कपाटाचं काय एवढं? लाकूड ते. घरात कपाट नसलं तरी माणसाचं अडत नाही, पुस्तकं पाहिजेत!’’

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. ‘‘सगळी ने,’’ ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा जडच झाला होता. माझा तर हलका होऊन छताला लागला होता.

लारी पुस्तकांनीच भरली. कपाट दुसऱ्या फेरीत न्यायचं ठरलं, म्हणजे मी मनात ठरवलं. कनू दोरी आवळता आवळता म्हणाला, ‘‘आटलुं बधुं वांचशे कोण?’’

‘‘मी.’’

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ढिगाकडे बघितलं, आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.

त्या दिवशी मी बडोद्यातून गेलो तो जणू हत्तीवरून. चढावर लारी ढकलत होतो, उतारावर तिच्यावर बसत होतो. एका चौकात रात्रीच्या गरब्याचा मांडव सजवणं चाललं होतं आणि एक माणूस भोंग्यात ‘हॅलो, हॅलो’ करत होता. ते माझ्याच स्वागताला आहे असं मला वाटलं. घरी आलो तेव्हा आई देवीला गेलेली. मी आणि कनूने सगळी पुस्तकं वर नेली आणि कुठे ठेवायची? तर एकच कोपरा मोकळा होता. मी तिथे ती रचली. आधी उंचीप्रमाणे रचली. मग जाडीप्रमाणे. मग जाड खाली आणि बारीक वर. मग सगळा ढीग मोडून मधे बसलो आणि चारी बाजूंनी रचला, विहीर बांधतात तसा. मग एक उघडलं. कनू खालून दोनदा हाक मारून निघून गेला असावा. मला नक्की सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मी एका जहागीरदाराच्या खुनात होतो.

उन्हं कलल्यावर कपाट आठवलं. धावत गेलो. दारात रिक्षा उभी, ट्रंका चढत होत्या. आत काचेच्या कपाटाच्या जागी भिंतीवर एक लांब पांढरा चौकोन.

‘‘भाऊसाहेब, कपाट?’’

‘‘मगन घेऊन गेला,’’ ते आनंदाने म्हणाले. ‘‘तो आला, पुस्तकं तर तुला दिलेली. बोलावलेला माणूस सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने कसा पाठवू? म्हटलं, बाबा रे, कपाट ने. तू म्हणालासच ना, तुमच्या घरी त्याच्यावाचून काही अडत नाही म्हणून.’’ रिक्षात बसताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘आईला सांग, तिचा मुलगा मला फार आवडला.’’

हा निरोप मी आईला पोचवला. आधी तोच पोचवला, म्हटलं जरा वातावरण बरं होईल.

मला वाटलं होतं आई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माईने दिलं होतं रे ते.’’ एवढंच. मग चपला घातल्या. उपासाचा दिवस, सकाळपासून पोटात दोन केळी, आणि ती अशी चालत सुटली की मला धावावं लागलं.

मगनभाईचं दुकान रावपुऱ्यात. कपाट दुकानाच्या तोंडाशीच उभं होतं आणि त्यात मगनभाईने आपला डबा आणि देवाचा फोटो ठेवूनही टाकला होता. माणूस भला. आईला बसायला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हात पसरले. ‘‘बेन, मी गेलो चोपड्या घ्यायला. साहेबांनी दिलं कबाट. आता माझा धंदो कागदनो. कबाट काय वजनावर विकू? चोपड्या द्या, कबाट घेऊन जा. बस!’’

‘‘दिल्या,’’ आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

‘‘काले मोकलावुं?’’

‘‘उद्या नाही. उद्या नवमी, आमच्याकडे सरस्वती मांडतात. घरातलं पुस्तक हलवायचं नाही. परवा दसऱ्याला या.’’

‘‘दशेरा! बहु सारो दिवस,’’ मगनभाई म्हणाला, आणि माझी पुस्तकं गेली.

पूजेत मांडायची म्हणजे धूळ नको. संध्याकाळी आई फडकं घेऊन एकेक पुस्तक पुसायला बसली. मी समोर बसून तोंड पाडलं होतं. पाच-सहा पुस्तकं पुसून झाली आणि तिचा हात थांबला. खाकी कव्हराचा वास घेतला तिने. मग दुसऱ्याचा घेतला.

‘‘ही माईची आहेत, रागात मी नीट बघितलंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘भाऊसाहेबांची नव्हेत. कव्हरं तिची आहेत. कोणी मागून नेऊ नये म्हणून सगळ्यांना सारखी घालायची.’’ आणि मग फडक्याकडे बघत, ‘‘का रे, तू एवढा वाचतोस म्हणे. एक डॉक्टर असतो. त्याची आई आंधळी असते. तो होडीत बसून पलीकडच्या गावाला निघतो आणि वादळ येतं. हे कुठल्या पुस्तकात?’’

मी लगेच म्हणालो, ‘‘आहे की. वाचलंय मी.’’

‘‘मग पुढे काय होतं?’’

‘‘बुडतो तो.’’

‘‘बुडतो कसा? मालतीशी त्याचं लग्न व्हायचंय अजून! गाढवा, तू वाचलेलं नाहीस.’’

अशा रीतीने मला समजलं, की इतकी वर्षं दुपारी तांदूळ निवडताना माईकाकू आईला कादंबऱ्या वाचून दाखवत होत्या. आईला अक्षरओळख होती, चार यत्ता झालेल्या, पण स्वतः पुस्तक घेऊन बसायची तिला सवय नव्हती आणि लाजही होती. डॉक्टर होडीत बसला त्या दिवशी माईकाकूंना ताप भरला. पुढचं वाचायचं राहिलं ते राहिलंच. पुस्तकाचं नाव आईने कधी विचारलं नव्हतं. या ढिगात कुठेतरी तो डॉक्टर वादळात हेलकावे खात होता आणि परवा त्याला मगनभाईच्या तराजूत बसायचं होतं.

ती रात्र असती शोधायला, पण दिवे गेले. आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी पहाटेच उठून सगळा ढीग पाटावर मांडला, वर वेळापत्रक ठेवलं, गंध, फुलं, अक्षता वाहिल्या. आमच्याकडे एकदा सरस्वती मांडली की दसऱ्याला ती उठवेपर्यंत अक्षर वाचायचं नाही. बाबा तर त्या दिवशी दुकानाच्या पाट्यांवरूनही नजर फिरवत नसत. लहानपणी हा माझा वर्षातला सर्वांत लाडका नियम होता. त्या दिवशी प्रथमच त्याचा जाच झाला. ढीग डोळ्यांसमोर, उद्या जाणार, आणि हात लावायचा नाही.

दुपारी बाबा झोपले. झोपाळा थांबलेला, भांडेवाल्यांनी हत्यारं पूजेला ठेवलेली, त्यामुळे सगळी गल्ली गप्प. मी मांजराच्या पावलांनी बाहेरच्या खोलीत गेलो, ढिगाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडून हात घातला, म्हणजे देवीला दिसणार नाही. एक पुस्तक हळूच ओढलं. ते येईना. जरा जोरात ओढलं, तर पलीकडून कोणीतरी ते ओढलं. मी डोकं वर काढलं. पलीकडे आई गुडघ्यांवर बसलेली, पदर खोचलेला.

‘‘कुंकू सांडलंय का ते बघत होते,’’ आई म्हणाली.

‘‘मीही,’’ मी म्हणालो.

तेवढ्यात ढिगाचा वरचा मजला डुगडुगला आणि वेळापत्रक धाडकन खाली आलं. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, ‘‘सरस्वतीला त्रास देणारे दोनच लोक आहेत बडोद्यात, आणि दोन्ही माझ्या घरात.’’

दसऱ्याला झुंजुमुंजू व्हायच्या आत आईने सरस्वती उठवली. इतक्या लवकर ती बहुधा कोणाच्याच घरी उठली नसेल. मग आम्ही दोघं ढिगाला भिडलो. मी पानं चाळत होतो. आई मात्र पहिलं पान वाचायची, मग दुसरं, आणि अडकायची. ‘‘आई, डॉक्टर शोधायचाय,’’ असं म्हटलं की ‘‘थांब रे, या बिचारीला सासू घराबाहेर काढतेय,’’ म्हणायची. श्रीखंडाचा चक्का टांगलेलाच राहिला. डॉक्टर सापडेना.

आणि मगनभाई आला. कनूच्या लारीवर कपाट, कपाटाला झेंडूचा हार, लारीलाही हार. दोघांनी ते वर चढवलं आणि आईने दाखवलेल्या कोपऱ्यात लावलं. आई उठली, तिने पदराने काच पुसली, दार उघडून मिटलं, परत उघडलं. मग तिने कोणालाही न विचारता खाली बसून पुस्तकं उचलली आणि आत ठेवायला सुरुवात केली.

मगनभाई बघत राहिला. ‘‘बेन, आ शुं करो छो? चोपड्या तर माझ्या.’’

‘‘मगनभाई, तुम्ही आधी फाफडा-जिलेबी घ्या.’’

त्याने घेतली. पोटभर घेतली, कारण सणाला नाही म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. बोटं चाटत तो पुन्हा ‘‘चोपड्या?’’ म्हणाला. तेव्हा आईने त्याला डॉक्टरची गोष्ट सांगितली. आंधळी आई, होडी, वादळ, सगळं. मगनभाई जिलेबीचं बोट तोंडात तसंच धरून ऐकत होता.

‘‘पछी? डूबी गयो?’’

‘‘तेच तर बघायचंय! सापडेपर्यंत एकही देता येणार नाही.’’

तो डॉक्टर पुढे सापडला, ते इथेच सांगून टाकतो, कारण गोष्ट शेवटाशिवाय सोडणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्याला संक्रांत उजाडली. तोवर आईने बाकीचं निम्मं कपाट वाचून काढलेलं होतं. डॉक्टर बुडत नाही, पोहून पलीकडे जातो आणि मालतीशी लग्न करतो. आई म्हणाली, ‘‘माईने वाचलं असतं तर याहून चांगलं झालं असतं,’’ आणि पुढचं पुस्तक काढलं. मगनभाईला शेवट सांगायचा राहून जाईल म्हणून तिने मला लगेच त्याच्या दुकानात पिटाळलं होतं.

पण परत त्या दसऱ्याकडे येतो. मगनभाई खिडकीशी उभा, खाली रिकामी लारी. ‘‘ए तो बराबर, बेन,’’ तो म्हणाला, ‘‘पण दशेराने दिवसे खाली हाथे केम जाउं? कबाट तुमचं, चोपड्या तुमच्या. मग मगन काय नेणार?’’

आईला ते पटलं. आईने खोलीत नजर फिरवली. बाबांनी बसल्या जागी आपली खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. आईची नजर खुर्चीवरून पुढे गेली, खिडकीपाशी माझ्या खाटेवर येऊन थांबली. दुसऱ्या क्षणी माझी गादी जमिनीवर होती.

‘‘ही न्या. शिसवी आहे.’’

‘‘आई! मी कुठे झोपू?’’

‘‘तुला वाचल्याशिवाय झोप येत नाही ना? मग वाचत बस.’’

बाबा एकदम इतके हसले की खुर्ची हातातून सुटली. मगनभाईने खाटेचे पाय ठोकून पाहिले, नवार ओढून पाहिली, खूश झाला. कनूने एक बाजू धरली. मी अजून दुसरी बाजू धरून उभा होतो, सोडत नव्हतो. आई म्हणाली, ‘‘मगनभाई, सोडत नसेल तर यालाही घेऊन जा. दुकानात बसवा कुठे.’’

मगनभाईने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं, रोज माल बघतो तसं.

‘‘ना बेन,’’ तो म्हणाला. ‘‘खाट चालशे. आ नहीं चाले.’’